'डायरेक्ट' केलेला फ्यूज

रविवारपासून डोकं तापलंय माझं. लिहिल्याशिवाय शांत होणार नाही...

वडिलांची अठरा वर्षं जुनी मोटरसायकल घेऊन गेवराईला निघालतो. पाच वर्षांची लेक पुढं टाकीवर, तिची ठरलेली जागा ती. गाव जवळ आलं आणि रबर जळल्यासारखा वास यायला लागला. मला वाटलं, कुणीतरी कडेला टायर पेटवलाय.

तेवढ्यात लेक म्हणाली, "पप्पा, पायाला भाजतंय." खाली बघतो तर टाकीखालून धूर... गाडी थांबवून चावी बंद केली, तिला उचलून लांब नेलं.

गाडी ढकलत सलीमभाईंच्या गॅरेजवर नेली. वडिलांपासूनचे आमचे मिस्त्री. मी मात्र वर्षभर तिकडं फिरकलो नव्हतो.

त्यांनी सीट काढलं. फ्यूजच्या जागी तांब्याची तार पिळून बसवलेली. मग टाकी उतरवली. हँडल वळताना वायरी चॅसिसला घासून सोलल्या होत्या, शॉर्ट होऊन पार वितळल्या होत्या. आणि त्यांच्या बरोबर वर पेट्रोलची टाकी...

असला संताप आला ना. फ्यूज उडतो म्हणजे कुठंतरी वायर लोखंडाला लागतीय, ती शोधायची सोडून तार टाकून डायरेक्ट करायचं. आपल्याकडं हेच चालतं. स्विच बिघडला, डायरेक्ट. स्टार्टर बिघडला, विहिरीवरची मोटार डायरेक्ट. कोणत्या गाढवानं केलं हे, म्हणून मी गॅरेजमध्येच तोंड सोडलं.

सलीमभाई मान खाली घालून वायर सोलत होते. म्हणाले, "तुमीच आलते की गेल्या साली. फ्यूज सारखा उडतोय, डायरेक्ट करून द्या म्हणले. मी न्हाई म्हणलं, तर चिडून गेलते."

आठवलं... लई राग आलता तेव्हा त्यांचा. दुसऱ्या एकानं दोन मिनिटांत तार पिळून दिली, आणि मी वर्षभर लेकीला त्या तारेवर बसवून फिरवलं. गाढव कोण ते कळलं.

त्यांनी वायरी बदलल्या, घासणार नाहीत अशा बांधल्या, नवा फ्यूज बसवला. तुमच्या जुन्या गाडीचं सीट आजच काढून बघा, फ्यूजच्या जागी फ्यूजच आहे ना.

सलीमभाई, तुम्ही तेव्हा नाही म्हणालात, आणि आता तोंडावर सांगितलंत... दोन्हीबद्दल उपकार आहेत.

गाडी आता एकदम ठणठणीत आहे. पण आज सकाळी शाळेत सोडायला काढली, तर लेक आईचं बोट धरून चालत निघाली.