लातूरच्या उन्हातली शेकोटी

"दमलंय ते. बसू द्या जरा."

जुन्या सामानाचा टेम्पो दुकानापुढे लागला की मामांचं हे वाक्य ठरलेलं. मग ते कपाट असो, पलंग असो, नाहीतर एक पाय मोडलेलं मेज असो. हमालांनी सामान आत आणून ठेवलं की मामा त्यावरची धूळसुद्धा पुसत नसत. आठ-दहा दिवस त्याला कोणी हात लावायचा नाही. एका घरातून दुसऱ्या घरात आलेलं लाकूड आधी नव्या हवेला रुळतं, मग त्याच्या सांध्यांत कुठे काय बिघडलंय ते खरं दिसतं, असं त्यांचं म्हणणं. घाईनं रंधा मारला तर पुढच्या उन्हाळ्यात फळी तडकलीच म्हणून समजा.

गिऱ्हाईक वैतागायचं. पहिल्यांदा मीही वैतागलो होतो. पण तुम्ही कधी सरकारी नोकरी केली असेल तर तुम्हाला माझं म्हणणं पटेल. दमलेल्या कपाटाला का होईना, कोणीतरी बसू देतंय, हे बघूनच मला बरं वाटायला लागलं. आम्हाला कोण बसू देत होतं?

मी तेव्हा बांधकाम खात्यात कारकून होतो. लातूर नुकताच वेगळा जिल्हा झाला होता. कार्यालयं आधी आली आणि खुर्च्या मागाहून येणार होत्या. एका साहेबांनी तर सुरुवातीचे दिवस दप्तराच्या पेटीवर बसून सह्या केल्या. फर्निचरचं काम माझ्या गळ्यात पडलं, कारण मी नवा होतो, शिरूर अनंतपाळसारख्या गावाहून आलो होतो आणि मला नाही म्हणता येत नव्हतं. त्यात पावसानं तोंड फिरवलेलं. साहेबांच्या बंगल्यावर टँकर पोचला की नाही, तेही मीच बघायचं. संध्याकाळी खोलीवर गेलो की बूट काढायचासुद्धा कंटाळा यायचा.

गोलाईच्या बाजारामागच्या गल्लीत एक जण जुन्या खुर्च्या दुरुस्त करून देतो असं कोणीतरी सांगितलं, म्हणून मी गेलो. मामा मूळचे भोकरकडचे. उंच, पण कमरेत जरा वाकलेले. कानामागे पेन्सिल, आणि सदऱ्याला कायम पॉलिशचा वास. दुकान पुढे आणि राहायची एक खोली मागे. त्या खोलीत मामी. मूलबाळ नव्हतं. त्यामुळेच की काय, सगळी गल्ली त्यांना मामा-मामी म्हणायची.

त्या वर्षी गावोगावच्या बड्या घरांतून सामान निघत होतं. बेल्जियमचे आरसे, काचेच्या हंड्या, शिसवी पलंग, संगमरवरी माथ्याची मेजं. निजामाच्या काळात हौसेनं हैदराबादहून आणलेलं सगळं आता टेम्पोत चढत होतं. चांगलं ते मुंबईचे व्यापारी उचलायचे. उरलंसुरलं, मोडकंतोडकं मामांकडे यायचं.

ती शेकोटी अशीच आली. भोकरच्या पुढे रानात कुण्या जहागीरदाराचा शिकारीचा बंगला होता. मामा तिथं खुर्च्या आणायला गेले आणि विकणाऱ्यानं हा दगडही त्यांच्या गळ्यात मारला. पांढऱ्याशुभ्र संगमरवराची मोठी चौकट, तुकड्यातुकड्यांत सुटी केलेली, कडब्यात गुंडाळून आणलेली. टेम्पो गल्लीत शिरला तेव्हा माणसं धावत आली, पण दगडासाठी नाही. त्या साली ज्वारीचा कडबा डोळ्यांना दिसत नव्हता. शेजारच्या गवळ्यानं मामांच्या परवानगीनं सगळा कडबा काढून म्हशीपुढे टाकला आणि मग कुठे लोकांचं लक्ष संगमरवराकडे गेलं.

ते काय आहे हे कोणालाच कळेना. कोणी म्हणालं देव्हारा, कोणी म्हणालं समाधीवरचं काम. चौकटीवर द्राक्षांचे घोस कोरलेले होते आणि दोन्ही खांबांवर एकेक गुबगुबीत उघडं पोर, पाठीला पंख असलेलं. गवळ्याच्या आईनं त्यातल्या एकाला बाळकृष्ण ठरवून टाकलं. पंख का, असं कोणी विचारलं, तर तिकडच्या कृष्णाला असत असतील म्हणाली. तिनं ओलं कुंकू लावून हात जोडले. ते कुंकू दगडात मुरलं ते मुरलंच. मामांनी लिंबू लावून पाहिलं, मग नाद सोडला.

"साहेब लोकांची शेकोटी हाय ही," मामा सगळ्यांना समजावत राहिले. "घरात भिंतीला लावायची. आत लाकडं पेटवायची, पुढं खुर्ची टाकून बसायचं."

लातुरात, त्या उन्हात, घरात लाकडं पेटवून बसायचं. गल्ली पोट धरून हसली. मीही हसलो.

हसल्या नाहीत त्या मामी. मामींना थंडी वाजायची. बारा महिने, भर वैशाखातसुद्धा. डॉक्टर म्हणायचे अंगात रक्त नाही. गोळ्या चालू होत्या, गुण येत नव्हता. आम्ही सगळे घामानं चिंब आणि मामी अंगावर वाकळ घेऊन भिंतीला टेकलेल्या, असं चित्र मी कितीदा पाहिलं. मामांनी ती चौकट मागच्या खोलीत भिंतीला जोडून उभी केली. नेहमीप्रमाणे जरा बसू द्यावी म्हणूनच, असं ते म्हणाले. मग तिच्या पोटात एक शेगडी ठेवली. धुराडं नव्हतंच, म्हणून मागचं दार सताड उघडं. दगड तापायला वेळ लागायचा, पण एकदा तापला की बराच वेळ ऊब धरून राहायचा.

एका दुपारी मी गेलो तर मामी त्या दगडाला पाठ लावून बसलेल्या. शेजारी मामा, उघडेबंब, घामाच्या धारा लागलेल्या, खुर्चीला वेत विणत होते. त्यांना पुढच्या दुकानात बसता आलं असतं. मी तसं म्हणालो, तर मामींनी डोळे न उघडताच सांगितलं, "मी बी तेच म्हनते, भाऊ. ऐकत न्हाईत." आणि थोड्या वेळानं, स्वतःशीच बोलावं तसं, "आत्ता कुठं हाडात ऊन उतरून राहिलंय."

कोणाच्या सुखाचा मला कधी एवढा आनंद झाल्याचं आठवत नाही.

आणि नेमकी तीच गोष्ट मला हिसकावून आणायला सांगितली गेली. नवं विश्रामगृह तयार होत आलं होतं. जिल्ह्याच्या समारंभाला मंत्री येणार, उतरणार तिथंच. आमच्या मोठ्या साहेबांच्या कानावर त्या संगमरवराची गोष्ट गेली. त्यांना दिवाणखान्यात फायरप्लेस हवी होती. धुराडं नसलं तरी चालेल, शोभेला हवी होती. मला बोलावून म्हणाले, त्या म्हाताऱ्याला सांग, फायरप्लेस दिली तर जिल्ह्यातल्या सगळ्या कार्यालयांचं दुरुस्तीचं काम त्याला. नाही दिली तर नांदेडचा एक ठेकेदार वाट बघत बसलाय.

मामांचं दुकान तेव्हा ओस पडलं होतं. पाणी विकत घेताना लोकांच्या नाकी नऊ आलेले, आरसे कोण घेणार? ते काम मिळालं असतं तर मामांची उरलेली वर्षं निघाली असती. हे मला दिसत होतं, त्यांनाही दिसत होतं. मी साहेबांचा निरोप सांगितला. मामांनी हातातला वेत खाली ठेवला, मागच्या खोलीकडे पाहिलं आणि म्हणाले, "दमलंय ते, भाऊसाहेब. बसू द्या."

दगडाबद्दल बोलत नव्हते, हे काय सांगायला हवं? मी साहेबांना जाऊन सांगितलं की माल अजून तयार नाही. पुन्हा पाठवलं, पुन्हा तेच सांगितलं. सरकारी माणसाला एवढं तरी जमतंच.

तिसऱ्यांदा गेलो तेव्हा मामा टँकरच्या रांगेत घागर घेऊन उभे होते. मामींनी मला आत बोलावलं. त्यांना सगळं माहीत होतं. एका खोलीच्या घरात काय लपून राहतं? हे नसताना तुमची माणसं आणा आणि दगड घेऊन जा, मी दिला म्हणून सांगीन, असं त्या म्हणाल्या. मी म्हटलं, मामी, तुम्हाला थंडी वाजते, तुमचं काय?

"माझं किती राहिलंय?" त्या म्हणाल्या. आवाजात रड नव्हती. "मी गेले की हे हितंच बसतील, ह्या दगडापुढं. मला ठावं हाय ना मानूस. मंग दुकान कोन उघडील?"

मी तसाच उठून बाहेर आलो. मामांच्या माघारी दगड न्यायला माझं मन धजेना.

पुढचं मामींनी स्वतःच केलं. त्यांनी जेवण सोडलं. भांडण नाही, तंटा नाही. मामांनी भाकरी पुढे केली की भूक नाही म्हणायच्या आणि ताट सरकवायच्या. आधीच अंगात काही नव्हतं. मामांनी समजूत घातली, चिडले, गवळ्याच्या आईला मध्ये घातलं. मामी ढिम्म. दगड जाऊ दे, मग जेवीन, एवढंच त्यांनी तिला सांगितलं. शेवटी एका सकाळी मामा आमच्या कार्यालयाच्या पायरीवर येऊन बसले. मी बाहेर आलो तेव्हा माझ्याकडे न बघताच म्हणाले, "घिऊन जा. तिनं जेवाय पायजे."

तुकडे त्यांनीच सुटे केले. हमालाला हात लावू दिला नाही. गुंडाळायला कडबा काय, काडीसुद्धा उरली नव्हती. मामींनी पेटी उघडली आणि आपल्या वाकळा काढून दिल्या. पंखवाली पोरं त्या वाकळांत गुंडाळून हातगाडीवर ठेवली. मी संध्याकाळपर्यंत वाकळा परत आणून दिल्या. तोवर मामी उन्हात, दुकानाच्या पायरीवर बसून भाकरी खात होत्या आणि मामा समोर उभे राहून बघत होते.

समारंभ झाला. मंत्री दिवाणखान्यात आले, संगमरवराकडे पाहून "हे काय?" म्हणाले. साहेबांनी सांगितलं. "लातुरात?" असं म्हणून ते हसले आणि गळ्यातले हार काढून त्या चौकटीच्या माथ्यावर ठेवून जेवायला गेले. एवढंच. ह्या एवढ्यासाठी ते सगळं झालं, ह्याचा मला आजही संताप येतो.

दुरुस्तीचं काम मात्र मामांना मिळालं. साहेबांनी शब्द पाळला, ते मान्य केलं पाहिजे. मामी त्याच हिवाळ्यात, पौषात गेल्या.

मामींचे दिवस झाले आणि मामांनी दुकान उघडलं. पुढे कितीतरी वर्षं ते आमचं काम करत राहिले. साहेब बदलले, विश्रामगृहाला दर मार्चला रंग लागत राहिला, आणि एका ठेकेदारानं भिंतीबरोबर तो संगमरवरही ऑइलपेंटनं रंगवून टाकला. मामांना मी हे कधी सांगितलं नाही. सांगायची वेळच आली नाही, कारण मामा त्या दिवाणखान्यात कधी गेलेच नाहीत. तिथल्या खुर्च्यांचं काम निघालं की व्हरांड्यात येऊन बसायचे आणि खुर्च्या बाहेर मागवायचे.

संगमरवराला रंग लागायच्या आधी एकदा थंडीत मी त्यांना म्हटलं, मामा, चला, एकदा बघून तरी घ्या. ते खुर्चीला वेत विणत राहिले. मला वाटलं, ऐकलं नसेल.

"येकदा आत गेलो तर उठायचा न्हाई मी," ते म्हणाले. "अन् तिनं उपाशी राहून दुकान उघडं ठिवलंय माझं."

नंतर माझी बदली नांदेडला झाली. मामा गेल्याचं मला उशिरा कळलं. त्या गवळ्याच्या घरी भेटायला गेलो, तेव्हा त्यानं सांगितलं. शेवटी शेवटी मामांना दिसत नव्हतं, काम तर कधीच सुटलं होतं, दुकानात विकायला काही उरलं नव्हतं. गेले त्या दिवशी ते मागच्या खोलीत खाटेवर पडलेले सापडले, आणि तेही दुपारी, कारण तोवर कोणाला शंकाच आली नव्हती. सकाळी त्यांनी उठून दुकान उघडलं होतं.