हौद्याला कान लावून

तुमच्या आजोबांच्या मावसभावाइतका चकित चेहरा सबंध जिल्ह्यात दुसऱ्या कुणाचा नव्हता, आणि तरीही चकित होण्याची पाळी दरवेळी समोरच्या माणसावर यायची. त्यांना भुवया नव्हत्या. कपाळ जे सुरू व्हायचं ते थेट पापण्यांपाशी येऊन थांबायचं. त्यामुळे त्यांना कुणी साधं 'बसा, चहा घ्या' म्हटलं तरी ते असे बघत, जणू एखादी भयंकर बातमीच कानावर आली आहे. नवखा माणूस घाबरून विचारी, "काय झालं हो?" मग ते आणखी चकित दिसत.

परवा फोनवर तुम्ही नातवंडांनी सांगितलंत की नव्या पिकअपच्या हौद्याला आतून कोणतं अस्तर घालावं, रबराचं की फवारून चिकटवायचं, यावर तुमच्या घरी आठवडाभर खल चालला आहे. तेव्हा मला या मावसदिरांची, माझ्या भावजींची, आठवण झाली. आठवडा म्हणजे काहीच नाही. आमच्या भावजींनी याच कामाला दोन महिने घेतले होते, आणि त्या दोन महिन्यांत मला जितके धक्के बसले तितके उरलेल्या आयुष्यात मिळून बसले नसतील.

भावजी तेरखेड्याचे. घरात शोभेच्या दारूचं पिढीजात काम. शोभेची दारू म्हणजे प्यायची नव्हे. फटाके, भुईनळे, जत्रेत आकाशात उडवायचा माल. तरुणपणी असाच माल भरून ते बैलगाडीने निघाले होते. येडशीच्या घाटात चाकाची लोखंडी धाव दगडावर घासली, एक ठिणगी उडाली, आणि भर दुपारी घाटात दिवाळी झाली. बैल जू टाकून पळाले म्हणून वाचले, भावजी बैलांच्या मागे पळाले म्हणून वाचले. भुवया तेवढ्या घाटात राहिल्या, त्या परत आल्याच नाहीत.

तेव्हापासून लोखंडावर लोखंड किंवा दगड घासण्याचा आवाज त्यांना सहन होत नसे. त्यांच्या चपलेला खिळा नसे, चांभाराकडून ती दोऱ्याने शिवून घेत. घरातलं उलथनं लाकडाचं आणि तव्याला हात लावण्याआधी दहादा विचार. कुणी त्यांच्या मालाजवळ येऊ लागलं की ते आधी त्याच्या पायाकडे बघत. मी लग्न होऊन आल्यावर पहिल्यांदा त्यांच्या घरी गेले, तर सगळ्यांदेखत माझ्या पायाकडे बघून म्हणाले, "वैनी, रागावू नगा. पण पायातली जोडवी तेवढी काढा."

माझ्या सासूबाईंच्या हातातलं फुलपात्र खाली पडलं. नव्या सुनेला दीर जोडवी काढायला सांगतो! मी मुलींच्या शाळेत इंग्रजी आणि विज्ञान शिकवत असे. आवाज शक्य तितका शांत ठेवून मी म्हणाले, "भावजी, चांदीची ठिणगी पडत नाही."

"चांदीची पडत न्हाय, खरं हाय," ते म्हणाले, "पर सोनारानं त्यात काय मिसळलंय, ते तुमाला ठावं हाय का?"

मला ठाऊक नव्हतं. मी जोडवी काढली.

मोठ्या दुष्काळात त्यांचं काम बंदच पडलं. जनावरं छावणीत, माणसं रस्त्याच्या कामावर. आकाशात माल उडवून बघायचं कुणाला सुचत होतं? गावोगावचं दूधही आटलं, तेव्हा एका दूध सोसायटीने आपली जुनी पिकअप विकायला काढली. ती भावजींनी घेतली. बैलगाडीवर पुन्हा बसायचं नाही, हे त्यांनी घाटातच ठरवलं होतं; तोवर माल पाट्यांतून, डोक्यावर, पायीच जायचा. पुढच्या वर्षी पाऊस बरा झाला आणि अणदूरच्या खंडोबाच्या जत्रेचं काम आलं. दोन वर्षांनंतरचं पहिलं मोठं काम. तेरखेड्यात त्यांच्याकडे काम करणारी सगळी माणसं त्याच्याकडे डोळे लावून बसली होती. माल तयार झाला, गाडी दारात होती. अडचण एकच, गाडीचा हौदा लोखंडी. नुसता लोखंडी नव्हे, दुधाच्या कॅन आपटून आपटून चेमटलेला, गंजलेला, जागोजागी पत्रा वर आलेला.

"याला आतनं कायतरी घातल्याबिगर एक फटाकडी चढवनार न्हाय," भावजींनी जाहीर केलं, आणि नमुने घेऊन ते थेट आमच्याकडे धाराशिवला आले. कारण मी शिकलेली.

एका रविवारी भर दुपारी आमच्या कोठीच्या खोलीतून घण घातल्याचे आवाज येऊ लागले. दार आतून बंद. मला वाटलं, चोर भिंत फोडतो आहे. तुमच्या आजोबांना घेऊन मी धावले. दार उघडलं तर काळ्याकुट्ट अंधारात भावजी हातोडी घेऊन उकिडवे बसलेले. "दार लावा, दार लावा! उजेडात ठिणगी दिसत न्हाय. वैनी, तुमी हितं बसा. तुमची नजर चांगली. मी हानतो, तुमी बघा."

त्या दिवसापासून दर रविवारी मी डाळ-तांदळाच्या डब्यांमध्ये बसून ठिणगी पडते का ते बघत असे. आणि हातात काम आलं की ते नीट करावं, ही माझी खोड. मी एक तक्ता आखला: नमुना, ठिणगी, पेट घेतो का, घसरतो का. नवा पत्रा पहिल्याच घावाला बाद झाला. गोणपाटाला ठिणगी नव्हती, पण एका काडीने ते भुर्रकन पेटलं. काथ्याचंही तेच. लाकडी फळ्यांवर माझा जीव बसला होता, पण त्या ठोकायच्या तर खिळे आले. खिळे हा शब्द ऐकूनच भावजींचा चेहरा असा झाला की मी तो रकाना खोडून टाकला.

आजोबा गुरांचे डॉक्टर. त्यांनी कुठल्याशा वाचनालयातून अमेरिकेतल्या शेतीचं एक मासिक आणलं. त्यात पिकअपच्या 'बेड'ला घालायच्या अस्तराची जाहिरात होती. मी आत्मविश्वासाने भाषांतर केलं, "गाडीतल्या पलंगाला घालायचं अस्तर."

भावजी म्हणाले, "ती मानसं गाडीत पलंग टाकून हिंडत्यात?"

"हिंडत असतील," मी म्हणाले. श्रीमंत देशाबद्दल काहीही खरं वाटायचं तेव्हा. तिकडे हौद्यालाच 'बेड' म्हणतात, हे मला दुसऱ्या दिवशी चित्र नीट पाहिल्यावर कळलं. इंग्रजीच्या शिक्षिकेला बसलेला तो धक्का मी आजपर्यंत कुणाला सांगितला नव्हता.

शेवटी फाडलेले जुने टायर उरले. ते हौद्यात पसरले, पण भावजींचं समाधान होईना. रस्त्याच्या खडबडीत आत लोखंडाला लोखंड लागतं का, हे ऐकल्याशिवाय कसं कळणार?

पुढचं मी शाळेच्या फाटकातून पाहिलं. सकाळची प्रार्थना सुरू व्हायची होती. समोरून ती पिकअप अगदी सावकाश येत होती. स्टिअरिंगवर आजोबा, गंभीर चेहऱ्याने, कारण खड्डे चुकवायचे नव्हते, शोधायचे होते. मागे हौद्यात भावजी आडवे, हात पाय ताणून, एक कान खाली टेकवलेला, डोळे मिटलेले. रस्त्यावरच्या एका म्हाताऱ्याने टोपी काढली. किराणा दुकानदाराने फळी अर्धी ओढली. आमच्या मुख्याध्यापिकाबाई माझा हात धरून हळूच म्हणाल्या, "अहो, तुमच्या घरातलं कुणी? आणि तुम्ही शाळेत कशा?"

तेवढ्यात मृतदेह उठून बसला आणि ओरडला, "वैनी, खडबडतंय!"

टोपी काढलेला म्हातारा टोपी तिथेच टाकून पळाला. दोन मुली रडायला लागल्या. प्रार्थना त्या दिवशी झालीच नाही. टायरच्या आत तारा असतात आणि फाटलेल्या कडेला त्या बाहेर आल्या होत्या, असं त्या कानाला कळलं होतं. कान खोटा नव्हता, मी नंतर स्वतः पाहिलं. तक्त्यात अकराव्या नमुन्यापुढे 'बाद' लिहिलं. एका सहकारी साखर कारखान्याकडे जुना रबरी पट्टा मागितला होता. तिथून उत्तर आलं की विषय पुढच्या सभेपुढे ठेवला जाईल. जत्रा तीन दिवसांवर.

मग माझा संयम सुटला. आमच्या ओसरीवर भावजी डोकं धरून बसले होते. मी म्हणाले, "भावजी, तिकडे माणसं कामाची वाट बघतायत. तुम्हाला मालाची एवढी भीती वाटते तर हा धंदा करता कशाला?"

त्यांनी मान वर केली. त्या दिवशी प्रथमच त्यांचा चेहरा चकित दिसला नाही.

"मालाची भीती न्हाय, वैनी. माल काय, आणिक करता येतो. ती संगट बसतीया."

ती म्हणजे माझी जाऊ. मला कधी कळलंच नव्हतं. घाटातल्या प्रसंगानंतर भावजींनी एकही खेप एकट्याने केली नव्हती. "म्हनती, उडायचं तर दोघं उडू. लई सांगून बघितलं. ऐकत न्हाय. आता सांगा, तिच्या पाठीमागं लोखंडाचा हौदा कसा ठिवू?"

अकरा नमुन्यांचा तक्ता माझ्या हातात होता, आणि तो कशासाठी होता हे मला तेव्हा कळलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी गाडी पुन्हा दारात. भावजींच्या शेजारी जाऊबाई बसलेल्या. मी हौद्यात डोकावले आणि माझ्या तोंडून 'अगं बाई' एवढंच निघालं. सगळा हौदा शेणाने सारवलेला! आधी पांढऱ्या मातीच्या चिखलात गोणपाट भिजवून अंथरलेलं, त्यावर मातीचा थर, त्यावर शेणाचा हात. बोटांच्या अर्धगोल रेघा अजून ओल्या. कोपऱ्यात रांगोळीची दोन बोटंही ओढलेली. मोटारीत!

"जाऊबाई, हे कुणी सुचवलं?"

"सुचवायचं काय त्यात, अक्का?" त्या म्हणाल्या. "घरात माल वाळतो तो सारवल्याल्या भुईवर. तिथं कुटं ठिनगी पडती? तीच भुई गाडीत घातली."

"मग दोन महिने बोलला का नाहीत?"

"मला कुनी इचारलंच न्हाय. ह्येंनी तुमाला इचारलं. तुमी शिकल्याल्या."

भावजी आत चढून आडवे झाले. आजोबांनी गाडी आमच्या गल्लीतल्या सगळ्या खड्ड्यांतून फिरवून आणली. भावजी उठले तेव्हा गालाला शेण लागलेलं होतं. "न्हाय खडबडत," ते एवढंच म्हणाले, आणि जाऊबाईंकडे असे बघत राहिले की आम्ही दोघं उगीचच घरात गेलो.

निघताना मी जाऊबाईंना बाजूला घेऊन म्हणाले, "भावजी तुमच्या काळजीनं झुरतात. घरी का राहत नाही?" त्या हसल्या. "मी संगट असले का गाडी हळू हाकत्यात, अक्का. न्हाय तर कशाची धडगत?"

माल अणदूरला धडपणे पोचला. जाऊबाईंनी येताना मला भंडारा आणला. त्यानंतर वर्षानुवर्षं प्रत्येक खेपेच्या आदल्या दिवशी त्या हौदा सारवत राहिल्या. दोघांपैकी कुणीही उडालं नाही.

भावजी गेले ते साध्या तापाने, इथल्या सरकारी दवाखान्यात, भर पावसाळ्यात. तेरखेड्याला न्यायला तीच पिकअप आली. जाऊबाईंनी सकाळीच दवाखान्याच्या आवारात हौदा सारवला होता. कुणी त्यांना अडवलं नाही. स्टिअरिंगवर आजोबा बसले. जाऊबाई नेहमीच्या जागी, पुढे. गाडी सुरू झाली तेव्हा त्या म्हणाल्या, "दादा, हळू घ्या."

गाडी माझ्या शाळेवरून गेली. मी फाटकात उभी होते. समोरच्या दुकानदाराने फळी ओढली. मी, विज्ञान शिकवणारी बाई, त्या खड्ड्यांच्या रस्त्याकडे बघत राहिले आणि वाट बघत राहिले की आता भावजी उठून बसतील आणि मला सांगतील, खडबडतंय की नाही ते.

गाडी वळणावर दिसेनाशी होईपर्यंत मी तिथून हलले नाही.