आधी खाऊन घे

माहेरच्या गावी टावर चौकात गरम पोह्यांवर जीरावन मसाला भुरभुरला की त्या वासानं अजूनही माझं डोकं फिरतं.

लग्नानंतर काही महिन्यांतच माहेरी आले होते, सासरी परत जाणार नाही हे सांगायला. "आई, मला तिथं..." एवढंच म्हटलं, तर तिनं पोहे वाढले. "आधी खाऊन घे गं, गार होतील." पुन्हा तोंड उघडलं, तर बाबांनी जिलेबी कोंबली. "अरे, पहले मुँह मीठा कर!" सगळे हसले. ऐकलं कुणीच नाही. संध्याकाळी नानाखेड्याच्या बसस्टँडवर नेऊन मला सासरच्या बसमध्ये बसवलं.

तिथून सुटायला कित्येक वर्षं गेली. परवा आई विचारते, "तेव्हाच का नाही बोललीस?"

कशी बोलणार? तोंडात तुमचीच जिलेबी होती.