कुणी सांगितलं?

"फडक्यानं न्हाई, आक्का. पदरानं पूस."

दूध सोसायटीच्या दारात चेअरमन खुर्ची टाकून बसलेला, तिथूनच बोलला. दुष्काळात दूध ते किती, केटलीच्या बुडाला. पण रांग होती. भिंतीवर गावच्या बातम्यांचा फळा. त्यावर माझं अक्षर : 'वस्तीचा टँकर आधी चेअरमनच्या हौदात रिकामा होतो. उरलं तर वस्तीला.'

मी शाळेत गेलेली न्हाई. लेकरांच्या पाटीवर शिकले. मग बीडहून एक ताई आल्या, गावातल्या पोरापोरींना आन् आमच्यासारख्या बायांना बातमी लिहायला शिकवलं. काय झालं, कुठं, कधी, कुणी केलं, कावून केलं. मला लई चढलं होतं, खरं सांगते. ताईंनी आणखी एक सांगितलतं : भरवशानं कुणी सांगितलं, तर त्याचं नाव आपल्या पोटात ठेवायचं. मी वहीत लिहून घेतलं. लिहून घेतलं म्हंजे शिकले, असं वाटलं.

पदरानं पुसलं. रांगेत कुणीतरी फिस्सकन हसलं.

"आता घे की डोक्यावरून."

घेतला. खडू कपाळावर उतरला.

मग चेअरमननं गोड आवाजात विचारलं, "तू तर माझ्या मळ्याकडं फिरकत न्हाईस. कुणी सांगितलं?"

"रखमानं."

मारलं न्हवतं. धमकावलं न्हवतं. मला तिथून सुटायचं होतं फक्त. सुटले.

रखमा मेंढपाळाच्या घरची. मळ्यालगत शेरडं चारताना तिनं टँकर पाहिलता. दुसऱ्या दिवशी सोसायटीच्या चारा छावणीतून तिच्या दोन्ही गायी सोडून दिल्या. "जागा न्हाई," एवढंच. ती गायी हाकत गोदावरीकडं निघाली, माझ्या दारावरून.

"आक्का, मी तुला सांगितलतं," म्हणाली. "त्याला न्हाई."

परत आली न्हाई.

माझ्या पदराची हळहळ करणाऱ्या बाया लई. रखमाचं कुणी काढत न्हाई. मीही काढत न्हवते.

चार दिवस फळा कोरा होता. पाचव्या दिवशी मी मळ्याच्या बांधावर जाऊन बसले, भर उन्हात. हौदात पाईप सोडलेला डोळ्यांनी पाहिला. तशीच येऊन तीच बातमी लिहिली. खाली : 'मी पाहिलं.' आन् माझं पूर्ण नाव.

चेअरमन म्हणाला, "पूस."

"तुमी पुसा."

त्या दिवसापासून सोसायटीत माझं दूध घेतलं न्हाई. न घेवो.

पण हे मी रखमा असतानाच करायला पाहिजे होतं. ते राहिलंच.

इथं रखमा लिहिलंय, ते तिचं खरं नाव न्हाई. खरं एकदा बोलले, तेवढं बास.

आता पोरंपोरी माझ्याकडं शिकायला येतात. पहिल्या दिवशी हे सगळं सांगते, माझ्याच तोंडानं. मग एकेकाला चारचौघांत उभं करते. ओरडून विचारते, हसून विचारते, गोड बोलून विचारते : "कुणी सांगितलं?"

जे नाव सांगतं, त्याच्या हातात मी खडू देत न्हाई.