उपेंद्र आहे ना स्वोर्ड्सला

डब्लिनला नव्याने येणाऱ्या मराठी माणसाची पहिली गाठ पडते ती उपेंद्र पत्तीवारशी. त्याचं कारण उपेंद्रचा स्वभाव नव्हे, त्याचा पत्ता. तो स्वोर्ड्सला राहतो आणि तिथून विमानतळ गाडीने दहा मिनिटांवर. तेरा वर्षांपूर्वी त्याने हे घर घेतलं ते ऑफिस जवळ पडतं म्हणून. मंडळींनी त्याचा भलताच अर्थ लावला. पुण्याचा कुणी इंजिनिअर येवो, मिरजेची कुणी डॉक्टर येवो, कुणाचे सासूसासरे येवोत, व्हॉट्सॲप ग्रुपवर विचारणा झाली की पाच मिनिटांत उत्तर ठरलेलं: "उपेंद्र आहे ना स्वोर्ड्सला."

पहिली दोनतीन वर्षं त्याला यात मौज वाटली. घरून आलेल्या माणसाच्या कपड्यांना घराचा वास असतो, बॅगेतून एखादी चिवड्याची पिशवी हाती पडते, चार गप्पा होतात. पुढे मौज ओसरली आणि लष्कराच्या भाकऱ्या तेवढ्या उरल्या. आता उपेंद्र अठ्ठेचाळीस वर्षांचा आहे, कंबर धरते, ऑफिसात नवा साहेब त्याच्याहून सोळा वर्षांनी लहान आहे, आणि तरी महिन्यातून तीनदा तो अरायव्हल्सच्या त्या कठड्यापाशी हातात कॉफी घेऊन उभा असतो. नाही म्हणता येत नाही म्हणून. दुसरं काही कारण शोधू नये.

इतक्या वर्षांत त्याचं एक भाषणही तयार झालं होतं. गाडी विमानतळाबाहेर वळली की आपोआप सुरू व्हायचं. गाड्या आपल्यासारख्याच डावीकडून. पाऊस वरून कमी, बाजूने जास्त, तेव्हा छत्री विसरा, टोपीचं जॅकेट घ्या. बसमधून उतरताना ड्रायव्हरला थँक यू म्हणायचं, सगळेच म्हणतात. कपाटाला इथे प्रेस म्हणतात. आणि शेवटचं, कुणी 'हाउ आर यू' म्हटलं तर खरं उत्तर द्यायचं नाही. 'ग्रँड', म्हणजे मस्त चाललंय, म्हणायचं आणि पुढे चालायचं. यावर नवा माणूस हमखास हसायचा. उपेंद्र बऱ्याच वर्षांत हसला नव्हता.

दुसरी एक गोष्ट तो चांगलीच शिकला होता, ती व्हीलचेअरची. आपल्याकडून येणाऱ्या आईवडिलांच्या तिकिटावर व्हीलचेअर मागवलेली असते, आणि त्यांतल्या दहातल्या नऊ जणांच्या पायांना काही झालेलं नसतं. प्रश्न असतो मधल्या विमानतळाचा. तिथे गेट शोधायचं, इंग्रजीत विचारायचं, सरकत्या जिन्यावर पाय ठेवायचा. त्यापेक्षा खुर्चीत बसावं, ढकलणारा माणूस बरोबर नेऊन पोचवतो. डब्लिनला दारं उघडायची, आजी खुर्चीतून येताना दिसायच्या, आणि नातवंडं दिसताच टुणकन उठून पळत सुटायच्या. ढकलणारा आयरिश माणूस रिकामी खुर्ची घेऊन बघत राहायचा. उपेंद्र हा चमत्कार इतक्यांदा पाहून बसला होता की घरी त्याची नक्कल करून दाखवायचा.

फक्त स्वतःच्या आईला आणायचं राहून गेलं होतं.

ठरवून नव्हे. आधी घराचे हप्ते होते, मग करोना आला, मग मुलीची, मुक्ताची, शाळेची मोठी परीक्षा. त्याची आई, शोभनाबाई, नागपूरला एकट्या. त्या कधी टोचून बोलल्या नाहीत, फक्त एकदा म्हणाल्या, "अख्ख्या महाराष्ट्राला घेऊन येतो तू विमानतळावरून. माझा नंबर कितवा रे?" त्या रात्री उपेंद्रला झोप लागली नाही. आई एकोणऐंशी वर्षांची. तिने एकदा यावं, आपल्या पायांनी या घरात फिरावं, जिना चढून मागच्या खोलीच्या खिडकीतून उतरणारी विमानं बघावीत, एवढंच त्याच्या मनाने घेतलं. जगाला आणून तिलाच आणलं नाही, हे ओझं घेऊन त्याला म्हातारं व्हायचं नव्हतं.

त्याने तिकीट काढलं. व्हीलचेअरवर अर्थातच खूण केली.

वरची खोली रंगवून घेतली. यावरून मेधाशी खटका उडाला. मेधा, त्याची बायको, ब्लँचर्डस्टाउनच्या हॉस्पिटलात लॅबमध्ये काम करते आणि एरवी असल्या गोष्टींत पडत नाही. पण या वेळी तिने पलंग खाली बैठकीत टाकायचा हट्ट धरला.

"आईंना टीव्ही बघता येईल," ती म्हणाली.

"आई काय टीव्ही बघायला येतेय? अगं, ती रोज बाजारात पायी जाते."

"चौदा पायऱ्या आहेत वरपर्यंत," मेधा म्हणाली. उपेंद्रने पलंग वरच ठेवला.

शुक्रवारी दुपारी साडेबाराचं विमान. त्याने रजा टाकली होती आणि ग्रुपवर आयुष्यात पहिल्यांदा लिहिलं होतं की या शुक्रवारी मी कुणासाठी नाही. गुरुवारी संध्याकाळी ग्रुपवरच्या राजीवचा फोन आला.

"अरे, त्याच विमानात आपली एक डॉक्टर आहे, स्वरांगी. एनिसच्या हॉस्पिटलात लागलीय. उद्या तिला फक्त गावात, मैत्रिणीकडे सोडायचंय. ऑन द वे आहे यार."

स्वोर्ड्स विमानतळाच्या उत्तरेला आणि शहर दक्षिणेला. ऑन द वे कुठल्या हिशेबाने, ते राजीवच जाणे. घरचं झालं थोडं अन् व्याह्याने धाडलं घोडं. उपेंद्र "बरं" म्हणाला आणि फोन ठेवल्यावर स्वतःवरच चिडला.

विमान चाळीस मिनिटं उशिरा उतरलं. कठड्यापाशी उभं राहून त्याची कंबर भरून आली. दारं उघडत होती, मिटत होती. एक आजी खुर्चीतून आल्या आणि ठरल्याप्रमाणे उठून पळाल्या. उपेंद्र स्वतःशीच हसला. मग एक मुलगी ट्रॉली ढकलत आली, केस विस्कटलेले, डोळे तारवटलेले, आणि तिच्यामागून खुर्चीत बसलेली आई.

केवढीशी दिसत होती ती. स्वेटरच्या बाह्या हातांवर आलेल्या. फोनच्या पडद्यावर तिचा चेहरा मोठा दिसायचा. खाली एवढंच शरीर आहे, हे त्याच्या ध्यानात आलं नव्हतं.

"आलो बाप्पा एकदाचे," शोभनाबाई म्हणाल्या.

उपेंद्र पाया पडला. मग इतरांना म्हणायचा तेच, तसंच हसत म्हणाला, "चला, झालं नाटक. उठा आता."

शोभनाबाई उठल्या नाहीत. त्यांनी खुर्चीच्या दांड्यांवर हात टेकले, खांदे पुढे केले, आणि पुन्हा मागे टेकल्या. ट्रॉलीवाली मुलगी, म्हणजेच स्वरांगी, खाली बघू लागली. खुर्ची ढकलणारा माणूस हळूच म्हणाला, "नो रश, यू आर ग्रँड."

उपेंद्रचा हसरा चेहरा तसाच राहिला. काढायचा कसा, हे त्याला समजेना.

"आई?"

"काय पाहून राहिला? पाय नाही उचलत. मणक्यात शीर दबली म्हणतात. धरलं कोणी तर चार पावलं जाते."

"कधीपासून?"

"दिवाळीपासून."

आता जून होता. उपेंद्र मनात रविवार मोजू लागला. दर रविवारी सकाळी दहाला व्हिडिओ कॉल. आई जेवणाच्या टेबलाशी बसलेली. कढीपत्त्याचं झाड दाखव म्हटलं की फोन कामवालीच्या हातात द्यायची. 'कशी आहेस' म्हटलं की 'मस्त'. एकदाही तिला उभं राहिलेलं त्याने पाहिलं नव्हतं, आणि पाहिलं नाही हेही त्याला कळलं नव्हतं. परक्यांच्या आईबापांची पावलं तो तेरा वर्षं बघत आला होता. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

"मला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर तू तिकीट काढलं असतं?" शोभनाबाईंनी शांतपणे विचारलं.

याला उत्तर होतं आणि ते दोघांनाही माहीत होतं. त्याने म्हटलं असतं, आधी बरी हो, मग बघू. पुढल्या वर्षी बघू.

"म्हणून," त्या म्हणाल्या. "चल, भूक लागली."

खुर्चीवाला माणूस पार्किंगपर्यंत आला, त्याला यायचं कारण नसताना. आईला गाडीत कसं बसवायचं ते उपेंद्रला येईना. शेकडो बॅगा या डिकीत त्याने डोळे मिटून रचल्या होत्या; इथे तो नुसताच दार धरून उभा होता. शेवटी स्वरांगी पुढे झाली.

"काका, आधी पाठमोरं बसवायचं. हां. आता दोन्ही पाय एकदम आत. मुंबईपासून मी हेच करतेय, सवय झालीय मला."

उपेंद्रने गाडीच्या मागे जाऊन मेधाला फोन लावला. "मेधा, ऐक, पलंग..."

"खाली आणलाय," मेधा म्हणाली. "तू निघाल्यावर मी आणि मुक्ताने उतरवला. बाथरूममध्ये धरायला दांडीही बसवून घेतली."

"तुला माहीत होतं?"

"त्यांचे रिपोर्ट्स माझ्याकडेच यायचे, उपेंद्र. शपथ घातली होती त्यांनी. पलंगाच्या निमित्ताने सांगायचा प्रयत्न केला मी."

फोनमध्ये मागून मुक्ताचा आवाज आला, "डॅड, इट्स ग्रँड, जस्ट ब्रिंग हर होम!"

त्याला रागावायचं होतं. राग येण्याइतकीही ताकद अंगात नव्हती. तो गाडीत येऊन बसला आणि म्हणाला, "आई, आधी घरी जाऊ. हिला मग सोडतो."

"काहून? पोरगी दोन दिवसांची जागी आहे. आधी तिला सोड. मलाही गाव दिसेल तुझं, बसल्या बसल्या."

गाडी शहराच्या रस्त्याला लागली. पाऊस सुरू झाला होता, बाजूने. ड्रमकोंड्राची विटांची घरं मागे जाऊ लागली. स्वरांगी काचेला डोकं टेकून अर्धवट झोपेत होती.

"तिला सांग ना ते," शोभनाबाई म्हणाल्या. "गाडीत सगळ्यांना सांगतो म्हणे तू. मेधा सांगत होती."

"आत्ता नको गं."

"सांग. मलाही ऐकायचं आहे. इतक्या लोकांना सांगितलं."

तेव्हा उपेंद्रने समोर बघत सुरुवात केली. गाड्या आपल्यासारख्याच डावीकडून. छत्री विसरा, टोपीचं जॅकेट घ्या. बसमधून उतरताना थँक यू म्हणायचं. इथे त्याला आठवलं की आई कुठल्याच बसमध्ये चढणार नाही. तरी तो रेटून बोलत राहिला. कपाटाला प्रेस म्हणतात. आणि शेवटचं, कुणी 'कशा आहात' म्हणून विचारलं तर...

वायपर फिरत राहिले.

"तर?" मागून स्वरांगीने विचारलं.

"तर खरं उत्तर द्यायचं नाही," शोभनाबाई म्हणाल्या. "ते मला येतं."

पुढे सिग्नल लाल झाला. उपेंद्रने ब्रेक लावला, गिअरवरचा हात काढून आईच्या हातावर ठेवला. हात गार होता.

"कशी आहेस, आई?"

शोभनाबाई रस्त्यावरून टोपी ओढून घाईने जाणारी माणसं बघत राहिल्या. एवढी सगळी माणसं, आणि सगळी चालत.

"थकले रे, उपेन," त्या म्हणाल्या. "लई थकले."

"मीपण," उपेंद्र म्हणाला. सिग्नल हिरवा झाला, मागच्या गाडीने हॉर्न वाजवला, तरी त्याने हात काढला नाही.