निकेशची परखी

निकेश ब्रह्मपुरीच्या बाजारात धान तपासतो. त्याच्या हातात परखी असते, टोकदार पोकळ नळी. पोत्यात खुपसली की मूठभर धान बाहेर येतं. तो वर, मध्ये, तळाशी अशी तीनदा खुपसतो. वरचा माल दाखवायला ठेवलेला असतो, असं त्याचं मत.

यंदा उन्हाळ्यात त्याची झोप गेली. मग राग वाढला. मग बायको, रश्मी, भाजीत काहीतरी मिसळते असं त्याला वाटू लागलं. रश्मी माहेरी गेली. "इलाज करा, मंग येईन," एवढंच म्हणाली.

मी त्याचा शाळेपासूनचा मित्र. मी त्याला चंद्रपूरच्या दवाखान्यात नेलं. मानसोपचारतज्ज्ञ डॉक्टरांनी दहा मिनिटांत गोळ्या लिहिल्या. मानसशास्त्रज्ञ बाईंनी दीड तास चाचण्या घेतल्या, पण गोळ्या त्या देत नाहीत. तिथल्याच समाजसेविकेने घरचं विचारलं.

परतताना बसमध्ये निकेश हळूच म्हणाला, "डॉक्टरले झोपेचं सांगितलं. बाईले रागाचं. तिसरीले बायकोच्या भांडणाचं."

"काऊन?"

"तिघं एकच बोलतात का, पाह्यलं. नाई बोलले. सारे खोटे."

"अबे, तू तिघांले तीन बिमाऱ्या सांगितल्या!"

"तू मराठीत एमए. तुले यातलं काय समजते?"

भाजीचं त्याने कोणालाच सांगितलं नव्हतं. फक्त मला.

गोळ्या त्याने नालीत टाकल्या. पुढे तो केळी आणि उकडलेली अंडीच खाऊ लागला. स्वतः सोलून. गालफडं बसली. मी डॉक्टरांना फोन करून सारं सांगितलं आणि त्याला पुन्हा घेऊन गेलो.

या वेळी डॉक्टर आणि बाई एकत्र बसले. डॉक्टरांनी जेवणाचं विचारलं. निकेशने माझ्याकडे पाहिलं.

"तूच सांगितलं."

"हो."

त्याने खुर्ची माझ्यापासून दूर ओढली. मग डॉक्टरांना म्हणाला, "तुमी अन् बाई, दोघं कायले पाह्यजे?"

"गोळीनं झोप येईल, संशय उतरेल. ते माझं काम. बायकोशी परत बोलायचं कसं, ते बाईंसोबत. मला ते जमत नाही, त्यांना गोळी देता येत नाही."

"माह्या मागं आपसात बोलान?"

"तुम्ही हो म्हणाल तरच," बाई म्हणाल्या.

निकेशने गोळ्यांची पट्टी उजेडात धरली. तारीख वाचली. स्वतः फोडली. गिळली.

"हो, बोला आपसात," तो म्हणाला.

बसस्थानकावर मी विचारलं, "मंगळवारी पुन्हा बोलावलंय. येशील ना?"

"येईन. तुह्यासंगं नाई."

ब्रह्मपुरीची बस लागली. तो चढला. मी खालीच थांबलो.