बीपी नाही, शुगर नाही

आमच्या खानावळवाल्या मावशीमुळे मी आज हे लिहायला बसलोय, हे आधी सांगतो. झालं काय ते नंतर.

मोरिवलीत तिच्याकडे मी दोन्ही वेळ जेवतो. माझं गाव नांदेडकडे, आईबाप तिकडेच. लहानपणी सांधे धरणाऱ्या तापानं हृदयाची झडप खराब केली, शाळा आठवीत सुटली. पुढे मुंबईत ऑपरेशन होऊन धातूची झडप बसली. ती टिकटिकते. शुक्रवारी लाइट जाऊन पंखा थांबला की मावशी म्हणते, "आलं बघा आमचं घड्याळ जेवायला."

यंदा दाढ ठणकायला लागली. भाकरी चावेना. मावशीनं वरणात कुस्करून दिली, तीही जाईना, तेव्हा तिनं मला रिक्षात घालून उल्हासनगरला दातांच्या डॉक्टरांकडे नेलं. "एकटा गेलास तर दारातूनच परत येशील," म्हणाली. खोटं नव्हतं.

डॉक्टरांनी विचारलं, "बीपी? शुगर?"

"नाही."

खरंच नाही. दातवाल्याला छातीचं कशाला सांगायचं, असं मला वाटलेलं. मी तोंड उघडलं, त्यांनी सुई भरली, तेवढ्यात मावशी ओरडली, "अरे मेल्या, छातीतल्या झडपेचं सांग की!"

डॉक्टरांनी सुई खाली ठेवली. "अरे बेटा, ये पहले बोलना चाहिए ना!" मग मराठीत समजावलं. दाढ काढताना तोंडातले जंतू रक्तात जातात. धडधाकट माणसाचं सहसा काही बिघडत नाही, पण बसवलेल्या झडपेवर ते जाऊन चिकटले तर जिवावर बेततं. म्हणून तासभर आधी अँटिबायोटिक घ्यायचं. शिवाय झडपेसाठी माझी रक्त पातळ ठेवायची गोळी चालू, तेव्हा रक्त तपासून, हृदयाच्या डॉक्टरांना विचारूनच दाढ काढायची.

मी उघडलेलं तोंड मिटलं. "म्हणजे मी गेलोच असतो?"

"दर वेळी होतं असं नाही," डॉक्टर म्हणाले, "पण पैज कशाला लावायची?"

"गेला असतास तर एवढ्या भाकऱ्या कोणी खाल्ल्या असत्या?" मावशी म्हणाली, पण माझा हात काही तिनं सोडला नाही.

ठरलेल्या दिवशी तिनं समोर उभं राहून कॅप्सूल गिळायला लावल्या, वर तोंड उघडून दाखव म्हणाली. दाढ निघाली. ताप आला नाही. तरी पुढे कितीतरी दिवस मी उठताबसता कपाळाला हात लावून बघायचो, आणि ती हसायची.

स्वतः मात्र मावशी दवाखान्याची पायरी चढत नाही. गुडघ्याला बाम चोळते आणि चुलीपुढे बसते. एक दिवस मी तिला रिक्षात घालून नेणार आहे. शेजारच्या खुर्चीवर बसणार, आणि ती "काही नाही हो डॉक्टर" म्हणाली की सगळं सांगून टाकणार.